हंबीररावांची हिरवी

सोमवारची सकाळ होती. आमचे हे सांगलीला नोकरीला आहेत. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातात ते शुक्रवारीच येतात. त्यामुळे सोमवारी कराडातल्या या घरात मी एकटी आणि माझी कामं. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. मी ओट्याशी उभी राहून घेवड्याच्या शिरा काढत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही, आणि हे तर तळहातानं, धाडधाड.

उघडलं तर शेजारच्या अंजनावहिनी. दोन्ही हात मनगटापर्यंत भाकरीच्या पिठात, पायात चप्पल नाही.

"ताई, गाडी काढा. ह्यांचं त्वांड सुजलंय."

"दाढ का?"

"दाढ कुठली! सवत चावली."

मी गॅस बंद केला आणि किल्ली शोधायला धावले.

सवत म्हणजे कोण, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हंबीररावांच्या मागच्या पडवीत बारीक जाळीची पेटी होती, माणूसभर उंच. आत पेरूची फांदी रोवलेली. त्या फांदीवर एक हरणटोळ, झाडावर राहणारा साप, राहायची. करंगळीएवढी जाड, तीन हात लांब, कोवळ्या उसाच्या पानासारखी हिरवी. हंबीरराव तिला 'हिरवी' म्हणायचे. वहिनी 'सवत' म्हणायच्या, पण हिरवीसाठी पाली धरायला संध्याकाळी केरसुणी घेऊन त्याच फिरायच्या.

हंबीरराव पुढच्या पायरीवर बसले होते. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मिशीला तेल. दहा वाजता शाळेत त्यांचा सापांचा कार्यक्रम होता, नागपंचमीच्या आठवड्यात असतोच. आणि त्या सगळ्या टापटिपीच्या वर चेहरा कुणा दुसऱ्याचाच. खालचा ओठ सुजून लोंबायला आलेला, डोळ्यांच्या नुसत्या फटी, मानेवर आणि हातांवर लालभडक गांधी.

"काय न्हाई वैनी," ते म्हणाले, "पित्त उठलंय. मागल्या वक्ताला तुमी आमसुलं दिली हुती ना, त्येचं पानी द्या वाईच."

दिली होती. मागच्या वर्षी असंच पोटावर पित्त उठलं होतं, तेव्हा वाटीभर आमसुलं मीच भिजवून दिली होती. त्याआधीही एकदा. वहिनींनी ती अंगाला चोळली, दोन तासांत गांधी बसल्या, आणि दोष वहिनींच्या खर्ड्यावर गेला. दोन्ही वेळा आदल्या तासाभरात हिरवी चावलेली होती, हे आमच्या तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि पित्तावर आमसूल. आम्ही हेच बघत वाढलो.

या वेळी मात्र त्यांचा आवाज ओल्या फडक्यातून आल्यासारखा येत होता. मी म्हटलं, "भाऊ, आमसूल परत आल्यावर. आधी गाडीत बसा."

मला गाडी येते म्हणजे मंडईपर्यंत येते. त्या दिवशी मी ती दवाखान्यापर्यंत कशी नेली, माझं मला ठाऊक. मागच्या सीटवर वहिनी त्यांचा हात धरून बसल्या होत्या, पीठ त्यांच्या शर्टाला लागत होतं.

"शाळंला फोन करा," हंबीरराव म्हणाले. "म्हनावं वाईच उशीर हुतोय. पोरं वाट बघत्यात."

"बघू देत!" वहिनी म्हणाल्या. "आदी ह्ये त्वांड बघितलं तर पळून जातील पोरं."

ते हसायला गेले आणि खोकले. मग घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नंतर बोलणंच बंद झालं.

"बोला की वो," वहिनी म्हणत होत्या. "एरवी गप बसत न्हाई, आन् आता मुके झाला व्हय? शिव्या द्या, पन बोला."

आरशात मला दिसलं, त्यांनी एक बोट वर केलं. थांब, श्वास घेतोय, असं.

दवाखान्यात शिवांजली नावाची डॉक्टर होती, तिशीचीही नसेल. तिनं एकदा चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा बोटावरच्या दोन लाल ठिपक्यांकडे, आणि पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. मग पाय उंच, नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. वहिनींच्या हातावरचं पीठ वाळून भेगाळलं होतं. धुवून या म्हटलं तर उठेनात.

"ताई," त्या म्हणाल्या, "नाग धरनारा मानूस ह्यो. नागानं कवा बोट लावलं न्हाई. आन् ह्या चिमटीएवढीनं..."

हंबीरराव मूळचे शिराळा तालुक्यातले. लहानपणी वडलांबरोबर पंचमीच्या आधी रानात जाऊन नाग धरायचे, पूजा झाली की त्याच बिळाशी सोडायचे. तो काळ आता राहिला नाही, धरायला बंदी आली, आणि तीही बरी आली असं ते स्वतःच म्हणत. पण त्या वयात हाताला जी सवय लागली ती सुटली नाही. पुढे फौजेत गेले, ट्रक चालवायचे. तीन वर्षं जैसलमेरकडं होते. तिथली एक गोष्ट वहिनी नेहमी सांगायच्या, त्यांच्यासमोर, त्यांना लाजवायला.

"लगीन हून सा म्हैने झालं हुतं. जाताना माज्या हातातलं एक काकन काढून घेतलं. हिरवं. ट्रकाच्या आरशाला बांधलं. म्हनं, तिकडं हिरवं काय दिसतच न्हाई!"

"न्हाईच दिसत," हंबीरराव मान खाली घालून म्हणायचे. "वाळू, वाळू, नुसती वाळू. डोळं दुखायचं."

"मग? फुटलं का न्हाई?"

"फुटलं. रस्ताच तसला."

"आन् अर्धा तुकडा अजून ट्रंकंत ठिवलाय, सांगा की ताईंना!"

सतरा वर्षं नोकरी करून ते परतले. एस.टी.तून गावाच्या फाट्यावर उतरले, ट्रंक खाली ठेवली, आणि बांधावरच्या करंजाच्या फांदीवर त्यांना पहिल्यांदा काय दिसलं, तर हरणटोळ. वाऱ्यावर डहाळी हलावी तशी हलत होती. आणि तिथंच चार-पाच जण दगड वेचत होते. हा साप माणसाच्या टाळूवर चोच मारतो, असं आमच्या भागात सगळे समजतात. हंबीररावांनी तिला हातात घेतली. ती बोटाला चावली. त्यांनी ते बोट सगळ्यांना दाखवलं. "बगा, काय झालं का? मेलो का मी?" दगड खाली पडले.

त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका क्षणातून आलं. मुलीच्या शिक्षणासाठी इथं कराडला प्लॉट घेतला, घर बांधलं. मुलगी शिकली, लग्न होऊन गेली. हंबीरराव साप धरायला जाऊ लागले, वनखात्यात नोंद करून सोडू लागले. आणि शाळाशाळांतून कार्यक्रम. त्यात एक ठरलेला खेळ होता. हरणटोळ काढायची, तिच्या तोंडात बोट द्यायचं. तिचे विषाचे दात मागे असतात, त्यामुळे नुसतं तोंड लागून भागत नाही, तिला चावू द्यावं लागतं. मग मुलांना म्हणायचे, "मोजा." सगळी शाळा ओरडायची, एक, दोन, तीन, दहापर्यंत. दहाला बोट बाहेर. रुमालानं पुसायचं, दोन लाल ठिपके दाखवायचे. "हाय का मेलो?" "नाही!" छप्पर उडेल असं ते "नाही". मी स्वतः दोनदा ऐकलंय. एकदा तर आमच्या महिला मंडळात मीच त्यांना बोलावलं होतं, आणि आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनीसुद्धा मोठ्यानं मोजलं होतं.

हिरवी मात्र आमच्याच कुंपणातली. दोन वर्षांपूर्वी मागच्या उसाला तोड आली. तोडीच्या कोयत्यानं तिचं शेपूट वीतभर तुटलं. ती आमच्या कढीपत्त्याखाली येऊन पडली होती. मी हाक मारली. हंबीररावांनी हळद लावली, पेटी केली. जखम भरली की सोडतो, म्हणाले. जखम दोन महिन्यांत भरली. वनरक्षक दिग्विजय दोनदा येऊन सांगून गेला, "काका, घरी ठेवणं कायद्यात बसत नाही, तुम्हाला मी काय सांगू?" हंबीरराव म्हणायचे, "शेपूट न्हाई तिला, झाडावर तोल जाईल. एवढा पाऊस हून जाऊ दे." दोन पाऊस झाले.

अकराच्या सुमारास डॉक्टरनं आम्हाला आत बोलावलं. सूज अर्धी उतरली होती. हंबीरराव छताकडे बघत होते.

"याआधी किती वेळा चावलाय हा साप?" तिनं विचारलं.

हंबीररावांचा चेहरा तेवढ्यातही फुलला. "मोजदाद न्हाई वो डाक्टर. साठ-सत्तर तर आसंल. ह्येचं इख सौम्य आसतं."

"विष सौम्यच असतं," ती म्हणाली. "बहुतेकांना थोडी सूज येते, ठणकतं, खाज सुटते. एखाद-दोन दिवसांत बरं वाटतं. तुम्हालाही सुरुवातीला तेवढंच झालं असणार. पण प्रत्येक चाव्याला तुमचं शरीर त्या विषाला ओळखत गेलं. आता ते थेंबभर विष दिसलं की सगळं शरीर पेटून उठतं. आज घसा बंद व्हायला आला होता. रक्तदाब उतरला होता. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." तिनं वहिनींकडे बघून वाक्य सोडून दिलं.

"म्हंजे अंगात इख साठलं?" वहिनींनी विचारलं.

"विष साठलं नाही मावशी. ओळख साठली."

"मग ती नागाची लस देऊन ठिवा की. पुन्यांदा चावली तर..."

"ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांसाठी. हरणटोळाला ती लागू पडत नाही. आणि आज काकांना झालं ते विषानं नाही, ॲलर्जीनं. यावर एकच उपाय आहे. पुन्हा चावून घ्यायचं नाही. पेटी साफ करणं नको, कात उचलणं नको. काका, पेटी साफ करताना शिंका येतात का? डोळे चुरचुरतात?"

वहिनीच म्हणाल्या, "दोन वर्सं. मी म्हनायची सर्दी हाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला ती आमसुलांची वाटी दिसत होती.

एक रात्र त्यांना ठेवून घेतलं. लक्षणं उलटू शकतात, असं डॉक्टर म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते आधी पडवीत गेले. वहिनींनी वाट अडवली. मग दारातच खुर्ची टाकून दिली. पेटीपासून पाच पावलांवर. त्यापुढं जायचं नाही.

तिथून पुढचे पंधरा दिवस मी जे बघितलं ते सांगते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पडवी दिसते. सकाळी चहा घेऊन ते त्या खुर्चीत येऊन बसायचे. हिरवी फांदीवर असायची, त्या आडव्या बाहुल्यांच्या डोळ्यांनी इकडंच बघत. ते उजवा हात मांडीवर उलटा ठेवायचे, तळवा वर, बोटं जराशी उघडी. कुणीतरी येऊन त्यावर बसणार असल्यासारखा. तासभर तसेच. पेटीत पाली सोडायचं काम वहिनींकडे आलं होतं, लांब चिमट्यानं, तोंड फिरवून.

"लय जीव लावला हुता सवतीला," वहिनी चिमटा हलवत म्हणायच्या. "आता मीच वाढते तिला जेवान. माज्या नशिबी ह्ये बी हुतं."

"डावीकडच्या कोपऱ्यात सोड," हंबीरराव खुर्चीतून. "तिकडनं तिला दिसतंय."

"गप बसा. पाच पावलं!"

"पाचच हायती की. मोज."

दिग्विजयला फोन करा, असं वहिनी रोज म्हणत. उद्या करतो, असं ते रोज म्हणत. एकदा दुपारी मी खिडकीत गेले तर खुर्ची रिकामी होती आणि ते पेटीच्या कडीला हात लावून उभे होते. मी नुसतं "भाऊ" म्हटलं. हात निघाला. ते वळले आणि म्हणाले, "न्हाई वैनी, न्हाई. कडी लागलीया का तेवढं बघत हुतो." मला ते खोटं वाटलं, आणि त्यांनाही कळलं की मला ते खोटं वाटलं. वहिनींना मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, अजून ठरवता येत नाही.

मग शाळेनं पुन्हा बोलावलं. राहिलेला कार्यक्रम करा, साप नको, नुसती माहिती सांगा. मी गाडीनं घेऊन गेले. पोरं मैदानात बसली होती. हंबीररावांनी मोठी रंगीत चित्रं टांगली आणि बोलायला लागले. पण मागच्या रांगेतून एक-दोघं कुजबुजायला लागले, मग सगळीच: "काका, बोट! काका, बोट! मोजायचं!"

ते म्हणाले, "या वक्ताला न्हाई." आणि का नाही, ते सांगितलं. इंजेक्शन, घसा, सगळं. फार खालच्या आवाजात.

तेव्हा सहावीतली एक मुलगी उभी राहिली. सृष्टी तिचं नाव. दोन वेण्या, धीट. "काका, तुम्ही मागच्या वर्षी म्हणालात, हिरवा साप काही करत नाही."

"म्हनालो हुतो."

"मी मे महिन्यात कोयनानगरला मामाकडे गेले होते. तिथं बांबूवर हिरवा साप होता. मी आजीला म्हटलं, हा काही करत नाही, मी हातात धरून दाखवते. मी बोट पुढं केलं."

हंबीररावांनी विचारलं, "कसा हुता? बारीक, निमुळता?"

"नाही. जाड होता. डोकं मोठं होतं, तिकोनी. शेपटीनं बांबूला धरलं होतं. मामानं मला मागनं ओढलं. मामा म्हणाला, तो चापडा."

चापडा म्हणजे घोणसाच्या जातीतला. कोयनेच्या घाटात, त्या ओल्या झाडीत तो असतो. तोही हिरवाच, पण त्याचं विष हात सुजवून काळानिळा करतं.

हंबीरराव टेबलाला धरून उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा काही होतंय की काय. मग ते म्हणाले, "बस, बाळ." आणि पुढं, सगळ्यांना, "पोरांनो, मी तुमाला चुकीचं शिकिवलं. माझी भीती गेली हुती, म्हून तुमची बी घालवाय निगालो. जिता साप कुठला बी आसू द्या, हात लावायचा न्हाई. चावला तर दोरी बांधायची न्हाई, कापायचं न्हाई, चोखायचं न्हाई. बारका हाय, सौम्य हाय, आसं म्हनून घरात बसायचं न्हाई. दवाखान्यात जायचं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, धाप लागली, तर त्ये पित्त न्हवं. आमसूल न्हाई. गाडी काढायची."

त्या दिवशी कुणी काही मोजलं नाही.

आम्ही परत निघालो. कोल्हापूर नाक्याला सिग्नल लागला तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला. "दिग्विजय, मी हंबीरराव. आज ये बाबा. व्हय, न्यायलाच ये. उद्या नगं. उद्या मी न्हाई म्हनंन."

दिग्विजय चारला आला. हिरवीला तपासली, तिच्या शेपटाची खूण बघितली. म्हणाला, "तब्येत चांगली आहे. जिथं सापडली तिथंच सोडायची असते काका. कुठं सापडली?"

हंबीररावांनी माझ्या कुंपणाकडे बोट केलं.

आमच्या मागच्या कुंपणाला मेंदी आहे, त्यापलीकडे पाटाचा बांध, करंज, सुबाभूळ, मग ऊस. दिग्विजयनं पेटीचं दार मेंदीला लावून उघडलं. हंबीरराव त्यांच्या पडवीत, वहिनी पेटीजवळ. हिरवीला बाहेर यायची घाई नव्हती. अर्धी आत, अर्धी बाहेर, डोकं डोलवत होती.

"जा की गं," वहिनी म्हणाल्या. "जा बया. दोन वर्सं ऱ्हायलीस. जा आता." आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही सवतीसाठी.

ती मेंदीत शिरली आणि मेंदीच झाली. एकदा एक डहाळी वाऱ्याच्या उलट हलली. मग तीही थांबली.

त्याला आता तीन आठवडे झाले. वहिनींनी पेटी कोमट पाण्यानं धुवून, उन्हात वाळवून भंगारात दिली. पेरूची फांदी तेवढी हंबीररावांनी ठेवून घेतली, आणि वहिनींनी ती धुतल्याशिवाय हातात दिली नाही. ते अजून सकाळी चहा घेऊन पडवीत बसतात. हात मांडीवर, तळवा वर. मी एकदा विचारलं, "भाऊ, कसं वाटतं?"

"वजन तिचं पावशेर बी नसंल वैनी," ते म्हणाले. "पन हात लय हलका झालाय. कशाला लावू, कळत न्हाई."

वहिनींनी त्यांना भाजीचे वाफे करायला लावलेत. मेथी उगवलीये. परवा वहिनी मला म्हणाल्या, "हिरवं पायजे हुतं ना? म्हटलं, घ्या हिरवं. रोज पानी घाला." मेथीला पाणी घालताना ते मधूनच थांबून मेंदीकडे बघतात, हे वहिनींनाही दिसतं.

आज सकाळी पुन्हा दार वाजलं. हळू, दोन बोटांनी. मी घाबरूनच उघडलं. हंबीरराव होते. हातात मेथीची जुडी, मुळांना माती तशीच.

"या ना भाऊ, बसा. चहा टाकते."

"बसत न्हाई. वैनी, एक मागायचं हुतं. अंजनाला ठाऊक हाय, तिला इचारूनच आलोय."

"सांगा की."

त्यांनी जुडी दाराशी ठेवली आणि माझ्या मागच्या दारातून दिसणाऱ्या कढीपत्त्याकडे बघितलं.

"ती कवा तुमच्या झाडावर दिसली, तर मला हाक मारा. मी तुमच्या खिडकीतनं बघीन. हात लावनार न्हाई."